सैनिकाशी लग्न झाल्यावर स्वयंपाकघर आणि रोजचे घर कसे चालते?

तुमचे लग्न लष्करातील जवानाशी ठरले आहे, स्वयंपाक जेमतेम येतो, दर दोन-तीन वर्षांनी बदली होते असे सगळे घाबरवतात, आणि म्हणून नव्या गावी स्वयंपाकघर कसे मांडावे व लग्नाआधी काय शिकून घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे यजमान सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संपर्कव्यवस्था सांभाळणाऱ्या दलात, सुभेदार आहेत आणि आमचा संसार राजस्थान, पंजाब, निलगिरी असा फिरत आला आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. बदलीची धास्ती लोक उगाच जास्त घेतात. सामान बांधणे आणि सोडणे एकदा अंगवळणी पडले की त्यात फारसे काही उरत नाही. तयारी करायची ती यजमान फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, असताना एकटीने चालवायच्या घराची, आणि स्वयंपाकघरही त्याच हिशेबाने मांडायचे.

नोकरीचे दोन भाग असतात, पीस म्हणजे शांततेच्या ठिकाणची नेमणूक आणि फील्ड. पीस स्टेशनला कुटुंब सोबत ठेवता येते, मात्र क्वार्टर्स सगळ्यांना पुरतील इतकी नसतात, त्यामुळे यादीत नाव लावून नंबर येण्याची वाट पाहावी लागते. फील्डला कुटुंब नेता येत नाही. त्या काळात काही जणी सासरी राहतात, काही मुलांच्या शाळेसाठी भाड्याने घर घेतात, काहींना जवान फील्डला असलेल्या कुटुंबांसाठी राखलेली क्वार्टर्स मिळतात. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची कॅज्युअल रजा असते, परंतु ती कधी मिळेल हे युनिटच्या गरजेवर ठरते. लग्नाची तारीख, बारसे, दिवाळी यांपैकी काय सापडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

स्वयंपाकाकडे वळण्याआधी कागदाचे एक काम सांगते, कारण बाकीचे सगळे त्यावर अडते. लग्न झाल्यावर त्याची लष्करी दप्तरातली नोंद युनिटकडून पार्ट टू ऑर्डर नावाच्या आदेशाने होते. ती झाल्याशिवाय तुमचे डिपेंडंट कार्ड, म्हणजे जवानाच्या कुटुंबीयाचे ओळखपत्र, निघत नाही, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचारांना अडचण येते आणि क्वार्टरच्या अर्जालाही अर्थ राहत नाही. लग्नाचा दाखला, फोटो आणि आधार कार्ड यजमानांच्या पहिल्याच रजेत त्यांच्या हाती द्या.

आता स्वयंपाक. एकच वरण सगळीकडे सारखे शिजत नाही आणि त्यात तुमचा काही दोष नसतो, हे आधी मनात पक्के करा. तमिळनाडूतल्या निलगिरीतील वेलिंग्टनची छावणी सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे, आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, त्यामुळे तेथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळू लागते. पातेल्यात भात लावला तर वरून शिजल्यासारखा दिसतो आणि दाताखाली कणी लागते. अशा ठिकाणी कुकरशिवाय गत्यंतर नाही, आणि कुकरलाही घरच्यापेक्षा एखादी शिट्टी जास्त द्यावी लागते, कारण बाहेरच्या हवेचा दाबच मुळात कमी असतो. राजस्थानात अडचण वेगळी असते. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिन या चिकट घटकाला घट्ट धरून ठेवतात, आणि तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी पाण्यात वेगळी राहते. बहुतेक जणी अशा वेळी सोडा टाकतात. त्याने डाळ मऊ होते हे खरे, पण चव बिघडते आणि ब१ जीवनसत्त्वही नष्ट होते. त्यापेक्षा पाणी आदल्या रात्री उकळून ठेवावे, सकाळी तळाशी बसलेला पांढरा थर न हलवता वरचे पाणी ओतून घ्यावे, डाळ त्यातच भिजवावी आणि चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजल्यानंतरच घालावे, कारण आंबटपणाही डाळीला शिजू देत नाही. पंजाबच्या थंडीत दही लागत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही. विरजण लावलेले भांडे कणकेच्या डब्यात खोल रुतवून ठेवले की सकाळपर्यंत दही लागते.

सोबत काय न्यावे? माझे उत्तर फार लहान आहे. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, आमसूल, तवा आणि ज्वारी न्यावी. ज्वारी म्हणजे पीठ नव्हे, दाणे. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फुटतात आणि नवखी मुलगी आपल्याला येतच नाही असे समजून भाकरी करणेच सोडून देते. दाणे नेऊन तिथल्या चक्कीवर आठ-दहा दिवसांपुरते दळून घ्यावेत, आणि पीठ जरा जुने वाटले तर उकळत्या पाण्याची उकड काढून मळावे. बाकी सगळे तिथले घ्यावे. पंजाबात मोहरीचे हिरवे साग आणि राजमा, तमिळनाडूत कैरी, नारळ, ताजी कढीपत्त्याची पाने हे हाताशी असताना गावाकडची वांगी मिळत नाहीत म्हणून हळहळत बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि मला त्यांच्याविषयी वाईट वाटते. छावणीत शेजारी गढवाली असते, समोर मल्याळी, वरच्या मजल्यावर बिहारी. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत त्या सगळ्यांनाही ठाऊक असते, आणि स्वयंपाक शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. यजमानांची पदे मात्र या देवघेवीत आणू नयेत. सुभेदाराच्या घरचा डबा शिपायाच्या घरी गेला काय किंवा उलट, जेवणाच्या गोष्टीत तो भेद ज्या छावणीत पाळला गेला तेथे वातावरण लगेच बिघडते.

लष्करी कॅन्टीनविषयी थोडेसे. १९४८ साली सुरू झालेल्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटच्या मालावर सवलत असते, म्हणून तेल, चहा, साबण, कुकर तेथून जरूर घ्यावे. पण स्वस्त मिळते म्हणून मिक्सर आणि डिनर सेट जमवत गेले की ते पुढच्या बदलीत ट्रंकेत बसवायचे असतात. बदलीच्या वेळी गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर, म्हणजे नव्या गावी जोडणी घेण्याची पावती, घ्यावे. पहिल्या दोन दिवसांचे सामान, म्हणजे लहान कुकर, कढई, मिसळणाचा डबा, चहा, दूध पावडर आणि दोन ताटे, ट्रकमध्ये न टाकता आपल्यासोबत ठेवावे.

आता फील्डच्या काळाविषयी. यजमान गेले की पहिल्या आठवड्यात घरात अन्न उरू लागते. मग भाजी एकाच वेळची होते, नंतर मुलांपुरता वरणभात आणि स्वतःसाठी चहा-बिस्किट, आणि महिन्याभरात एक धडधाकट बाई अशक्त झालेली असते. मी हे अनेक घरांत पाहिले आहे. स्वतःपुरते शिजवणे ही चैन आहे असे आपल्याकडे मुलींच्या मनात लहानपणापासून भरवलेले असते, आणि सैनिकाच्या घरी त्याचा परिणाम दुप्पट होतो. रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवून घ्या, ते घरी असताना होती तीच ठेवा, आणि ताट वाढून बसून जेवा. फोन लागतो तेव्हा तिकडून पहिला प्रश्न बहुधा "जेवलीस का?" हाच येतो. त्यावर खरे उत्तर देता आले पाहिजे. "मेथीची भाजी केली होती, बाळाने दोन घास जास्त खाल्ले" एवढे ऐकायला मिळाले तरी घर नीट चालू आहे हे तिथे बसलेल्या माणसाला कळते. काळजीच्या गोष्टी सांगूच नयेत असे मी म्हणत नाही, पण प्रत्येक फोन केवळ काळजीचाच झाला तर दोघांनाही जड जाते.

यजमान रजेवरून परतताना डबा द्यायचा असतो आणि तो कधीच एकट्याचा नसतो, बराकीतील सगळ्यांचा असतो. म्हणून थोडे उत्तम देण्यापेक्षा भरपूर टिकाऊ द्यावे. ओला नारळ आणि पुरण प्रवासात टिकत नाही. पाण्याचा अंश जितका कमी, तितका पदार्थ टिकतो. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी चालते. जवसाची चटणी मात्र उन्हाळ्यात लवकर खवट होते. माझा भर गूळपोळीवर असतो. मऊ गूळ किसून त्यात भाजलेल्या तिळाचा कूट, खसखस आणि तेलावर खमंग भाजलेले बेसन मळावे, आणि तो गोळा कणकेइतकाच मऊ असावा. गूळ कडक राहिला तर पोळी लाटताना तो कडेपर्यंत पोहोचत नाही, फार सैल झाला तर फुटून तव्यावर जळतो. कणकेत कडकडीत तेलाचे मोहन घालावे. भाजलेल्या पोळ्या कागदावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्याव्यात, कारण कोमट असताना एकावर एक रचल्या की वाफेने मऊ पडतात. नीट गार केलेली पोळी पंधरवडा सहज टिकते. पोस्ट खूप उंचावर असेल तर तेथे भूक मंदावते, तेव्हा लसणाची कोरडी चटणी आणि लिंबाचे लोणचे जास्त द्यावे.

ते रजेवर घरी येतील त्या दिवशी पंचपक्वान्ने करू नका. दोन-तीन दिवसांचा रेल्वे प्रवास आणि त्याआधी कित्येक महिने लंगरचे, म्हणजे जवानांच्या सामायिक स्वयंपाकघरातले, जेवण झालेले असते. त्यांना वरण-भात, वर तूप, लिंबू आणि एखादी पालेभाजी हवी असते. पाहुण्यांना जेवायला बोलवायचे ते तिसऱ्या दिवशी.

लग्नाआधी काय शिकावे, हा तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग. पदार्थांची यादी वाढवू नका. वरण, भात, दोन तऱ्हेच्या भाज्या, पोळी आणि भाकरी एवढे हातात बसवा. आईसोबत किराण्याची महिन्याची यादी स्वतः लिहा आणि महिनाअखेरीस काय उरले, काय कमी पडले ते पाहा. कुकरचे रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतः बदलून बघा, सिलिंडर जोडल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासायला शिका, आणि फ्यूज कोठे असतो, पाण्याच्या टाकीचा कॉक कोणता, हे माहेरच्याच घरात वडिलांकडून समजून घ्या, म्हणजे नव्या क्वार्टरमध्ये पाऊल ठेवल्यावर काय विचारायचे हे तुम्हाला ठाऊक असेल.