उपासना मंडळ नव्यानं हाती घेताय?

अभिनंदन! पहिली चूक बहुतेक सगळेच करतात, मीही केली: प्रवचन, पेटी, सतरंज्या, चहा, सगळं स्वतःच. मग लोक पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखेच जातात. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर प्रवचनं करत. पेशानं एक न्यायाधीश, दुसरे प्राध्यापक. पुरोहित कोणीच नाही.

सुरुवातीला एवढंच:

– नव्या माणसाला तिसऱ्या रविवारपर्यंत छोटं, ठरावीक काम द्या. अभंग निवडणंही चालेल.
– ‘कोणी करेल का?’ असं सभेत विचारू नका. बाजूला घेऊन, नावानिशी विचारा.
– काम चुकलं तरी काढून घेऊ नका. (हे मला फार जड गेलं.)

घटना, समित्या, वर्गणी नंतर बघू. आधी चहा तरी दुसऱ्यावर सोडा.