क्लायंट फाइल परत मागायला आला, तेव्हा कारण विचारून उपयोग नाही

‘काम चोख केलं, तरी क्लायंट दुसरीकडे गेला. फीडबॅक कसा घ्यायचा?’ बहुतेक पत्रांत हाच प्रश्न आहे. त्यांतली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

फीडबॅकच्या फॉर्ममध्ये किती प्रश्न असावेत? (दंतवैद्य, नाशिक)

दोन. त्यातला एक मोकळ्या जागेचा.

रिटर्नचा सीझन संपला की सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवतो. बहुतेक जण ‘उत्तम’ लिहितात, तरी यंदा बरेच जुने क्लायंट आले नाहीत. पुढच्या सीझनला नवा फॉर्म करावा का? (करसल्लागार, सांगली)

पुढच्या सीझनची वाट पाहू नका. तोवर आणखी काही जण गेलेले असतील. आधी ‘बरेच’ म्हणजे किती ते मोजा. गेल्या वर्षीची यादी काढा. ज्यांचं निधन झालं, धंदा बंद झाला किंवा ज्यांनी गाव सोडलं, ती नावं वगळा. २०० पैकी १० वगळली आणि उरलेल्या १९० पैकी १५२ आले, तर टिकण्याचं प्रमाण ८० टक्के. मग गेलेल्या ३८ जणांपुढे दोनच गोष्टी लिहा: तुमच्याकडे कितवं वर्ष होतं आणि काम कोण पाहत होतं. बहुधा इथेच काहीतरी दिसेल.

आता ‘उत्तम’बद्दल. फॉर्म तुमच्याकडून येतो, त्यावर क्लायंटचं नाव असतं आणि त्याचे कागद तुमच्या कपाटात असतात. अशा वेळी माणूस भिडेपोटी चांगलंच लिहितो. शिवाय फॉर्म येईपर्यंत रिटर्न भरून झालेलं असतं. त्याचा जीव मात्र त्याआधी, कागद दिल्यावर आठ दिवस काहीच कळलं नाही तेव्हा, टांगणीला लागलेला असतो. म्हणून विचारायचं ते काम चालू असताना आणि फोनवर. एकदा कागद मिळाल्यापासून आठवड्याने, दुसऱ्यांदा काम पूर्ण झाल्यावर चार दिवसांत.

फोन ऑफिसातल्या तिसऱ्याच कोणीतरी करायचा; काम करणाऱ्या मुलाने नाही आणि तुम्हीही नाही. तुमच्या तोंडावर तुमची तक्रार कोणी करत नाही. ‘सर्व्हिस कशी वाटली?’ असं विचारलं की ‘छान’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘या वेळी कशासाठी तुम्हाला आम्हाला पुन्हा फोन करावा लागला?’ याला नेमकं उत्तर मिळतं.

उत्तर क्लायंटच्याच शब्दांत वहीत लिहा. ‘संपर्कात त्रुटी’ या नोंदीवरून काहीच करता येत नाही. ‘बँकेला कॉम्प्युटेशनची (उत्पन्न आणि कराच्या हिशोबाची) कॉपी हवी होती, मंगळवारी सांगितलं, सोमवारी मिळाली, मधे तीन फोन केले’ अशी नोंद असेल, तर काय बदलायचं ते तिथेच कळतं: बँकेच्या कागदांसाठी एक माणूस नेमायचा, आणि कागद कधी मिळेल हे त्याने त्याच दिवशी कळवायचं. वहीत रकाने पाच: तारीख, त्याचे शब्द, कोण काय करणार, कधीपर्यंत, आणि क्लायंटला कळवलं ती तारीख. पाचवा रकाना बहुतेक ऑफिसांत कोराच राहतो आणि माझी सगळी कळकळ त्या रकान्यासाठी आहे. सुधारणा केलीत पण त्याला सांगितलं नाहीत, तर त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही. ‘तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही असं केलं’ एवढा एक फोन पुरतो, पण तो दोन दिवसांत व्हायला हवा.

वहीचा आधार घेऊन स्टाफला झापू नका, पगारवाढीशीही ती जोडू नका. पुढच्या महिन्यापासून वही स्वच्छ होईल आणि तुम्ही आंधळे व्हाल.

तक्रार चुकीचा आकडा, लेट फी किंवा नोटीस यांबद्दल असेल, तर ती नुसत्या फीडबॅकची बाब राहत नाही. लेखी कबुली किंवा नकार देण्याआधी फाइल पाहा, अनुभवी सहकाऱ्याचा आणि वकिलाचा सल्ला घ्या. व्यावसायिक जबाबदारीचा विमा असेल, तर विमा कंपनीला केव्हा कळवायचं ती अट वाचा.

एक एजन्सी पैसे घेऊन पन्नास फाइव्ह-स्टार रिव्ह्यू देते म्हणते. दुसरी म्हणते, खूश पेशंटनाच लिंक पाठवा. (फिजिओथेरपिस्ट, पुणे)

दोघींनाही नकार द्या. पैसे किंवा सवलत देऊन मिळवलेले रिव्ह्यू गूगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि फक्त खूश माणसं निवडून त्यांनाच विचारणंही बसत नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, ते एजन्सीला दाखवा. लिंक द्यायची तर सगळ्यांना द्या, आणि तुमच्या व्यवसायाच्या परिषदेचे जाहिरातीचे नियम आधी तपासा. विकतचे रिव्ह्यू पाहून आलेला पेशंट तिसऱ्या सिटिंगनंतर का थांबला, हे त्या पन्नासांतला एकही रिव्ह्यू सांगणार नाही.

फी बुडवणाऱ्या क्लायंटने खोटा रिव्ह्यू लिहिलाय. आकड्यांसह उत्तर देऊ का? (सीए, कोल्हापूर)

मुळीच नाही. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ नुसार गैरवर्तन ठरू शकतं, आणि फी थकली म्हणून ते बंधन सुटत नाही. ‘गोपनीयतेमुळे इथे तपशील देता येत नाहीत. कृपया ऑफिसशी संपर्क साधा’ एवढंच लिहा. तेही पाठवण्याआधी सल्लागाराला दाखवा.

‘शून्य ते दहा, आमची शिफारस कराल का?’ हा एकच आकडा पुरतो असं ऐकलं. आमचे वर्षाला १८ प्रकल्प असतात. (वास्तुविशारद, ठाणे)

ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. ही पद्धत अमेरिकी व्यवसाय सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडली. ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ देणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची. अठरा जणांत एकाने ९ ऐवजी ६ दिले, की आकडा ११ गुणांनी घसरतो. एका माणसाच्या मूडवर हलणाऱ्या आकड्यावर धोरण ठरवायचं नसतं. अठराही जणांशी अर्धा अर्धा तास बोला, नऊ तासांचं काम आहे.

सोडून गेलेल्या अशिलाला फोन करावा का? (वकील, सोलापूर)

एकदाच, आणि त्याचे कागद त्याला पोचते केल्यानंतर. कारण विचारा, काम परत मागू नका. बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये काम मागायला मनाई आहे, त्यामुळे काय बोलायचं ते आधी ज्येष्ठ वकिलांना विचारून घ्या.