वयस्कर आईचं चालणं सुधारायला डोक्याचा आणि शरीराचा व्यायाम एकत्र केला तर उपयोग होतो का?

हो, होतो, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तर मी तेच सांगेन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे. तुम्ही लिहिलंय ना, की रोज फिरायला जातात, शब्दकोडीही सोडवतात, तरी चालताना कोणी काही विचारलं की थबकतात, हे मी वरचेवर बघते. साधी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १९९७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी यावरच लिहिलं होतं, बोलायला लागल्यावर ज्यांचे पाय थांबतात अशी वयस्कर माणसं नंतरच्या काळात पडण्याचा धोका जास्त असतो.

तरुणपणी चालणं आपोआप होतं, पण वय वाढलं की पायातली ताकद, नजर, तळव्यांची जाणीव सगळंच थोडं थोडं कमी होतं आणि ती तूट मेंदू लक्ष देऊन भरून काढतो, मग तेवढं लक्ष पायांकडेच गेलं की बोलायला आणि समोरचं बघायला उरतच नाही. म्हणून खुर्चीत बसून कोडी सोडवली की माणूस कोड्यांत तरबेज होतो, चालण्याला त्याची फारशी मदत होत नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करायची सवय लागायला हवी.

जिनिव्हामध्ये ६५ च्या पुढच्या १३४ जणांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये छापून आला. पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की पाऊल बदलायचं, मध्येच हाताने काहीतरी वेगळं करायचं, आठवड्यातून एकदाच तासभर. सहा महिन्यांत चाल सुधारली आणि पडण्याचं प्रमाणही कमी झालं. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण यात कुठलं मशीन नाही.

आता घरी कसं करायचं. आधी पाय. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हे आठवड्यातून निदान तीन दिवस. पायात ताकदच नसेल तर डोक्याला काम देऊन काही होत नाही, हे मी कळकळीने सांगते कारण लोक हा भाग वगळून थेट गमतीच्या खेळांवर जातात. मग मोकळ्या, सपाट जागेत, तुम्ही शेजारी असताना, चालता चालता मोठ्याने ५० पासून तीन तीन कमी करत उलटं मोजायचं, किंवा एका अक्षरावरून नावं सांगायची, किंवा तुम्ही "लाल" म्हटलं की उजवीकडे वळायचं, "निळा" म्हटलं की डावीकडे. कधी सांगा की आत्ता पाय महत्त्वाचे, आकडे चुकले तरी चालतील, तर कधी उलट, या अदलाबदलीनेच लक्ष वाटून घ्यायला जमायला लागतं. चाल जरा मंदावली तर ठीक, पण तोल जायला लागला किंवा त्या पूर्ण थांबल्या तर काम अवघड झालंय, सोपं करा. अजिबात चुकत नसतील तर वाढवा.

बाहेर रस्त्यावर मात्र हा सराव नको. तिथे त्या थांबून बोलत असतील तर थांबू द्या, चालता चालता बोल अशी घाई करू नका.

आणि हे थबकणं काही दिवसांतच अचानक सुरू झालं असेल, किंवा सोबत चक्कर येते, एका बाजूला जोर कमी वाटतो, बोलणं अडखळतं असं काही असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. तसं नसलं तरी सुरुवात करण्याआधी चष्म्याचा नंबर आणि चालू गोळ्या एकदा तपासून घ्या, झोपेच्या आणि काही बीपीच्या गोळ्यांनीसुद्धा तोल जातो.