परवाना टूरवाल्याने काढला नाही, नोटीस मात्र आम्हाला

प्रश्न : फेब्रुवारीत मी, पत्नी, १९ वर्षांची मुलगी आणि मेहुणा असे चौघे पुण्यातल्या एका टूरवाल्याबरोबर चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या एक दिवसाच्या सहलीला गेलो. माणशी २,४०० रुपये यूपीआयने भरले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीत 'वनविभागाचा प्रवेश परवाना, जीप, गाइड, नाश्ता-जेवण सर्व समाविष्ट' असे होते. मणदूरच्या गेटवर पोचल्यावर गाइड खाली उतरून बोलून आला आणि म्हणाला, "आज गाड्या संपल्या, दुसऱ्या वाटेने चालत नेतो. तो बफर आहे, तिथे चालतं." तासा-दीड तासाने गस्तीवरच्या वनरक्षकांनी सगळ्या ग्रुपला अडवले. पंचनामा झाला, आमचे जबाब घेतले, माझा कॅमेरा जप्त केला. आता वनपरिक्षेत्र कार्यालयात हजर राहण्याची नोटीस आली आहे. टूरवाला म्हणतो, 'कायद्याच्या उल्लंघनाची जबाबदारी सहभागीची' या फॉर्मवर तुमची सही आहे, पैसेही परत मिळणार नाहीत. मुलीचा पासपोर्टचा अर्ज करायचा आहे. आम्ही काय करावे?
(एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : तुमच्यापुढे दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. एक वनविभागाचे, ज्यात तुम्ही संशयित आहात. दुसरे टूरवाल्याविरुद्धचे, ज्यात तुम्ही फसवले गेलेले ग्राहक आहात. हकिगत मात्र दोन्हीकडे एकच सांगावी लागणार आहे, आणि एका ठिकाणी सही करून दिलेला कागद दुसरीकडे वाचला जाणार आहे. त्यामुळे टूरवाल्याशी भांडण थोडे बाजूला ठेवा आणि आधी नोटिशीकडे बघा.

नोटीस टाळू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कलम ३५(८) मुळे हेच राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. पर्यटनासाठीचा परवाना कलम २८ खाली मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा उल्लंघनाला एरवी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा (मुख्य संरक्षित) क्षेत्रातल्या गुन्ह्याला मात्र कलम ५१ मध्ये किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि दंड आहे. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयात तक्रार करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याला अशी मुदत नसते. म्हणजे दोन-चार महिने फोन आला नाही, तर प्रकरण मिटले असे समजायचे कारण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्याकडे अशा प्रकरणांत फार थोडे लोक लक्ष देतात : तुम्हाला नेमके कुठे अडवले? चांदोली उद्यान २००४ मध्ये घोषित झाले, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. २०१० पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गाइड 'बफर' म्हणाला तो या प्रकल्पाभोवतीचा पट्टा. त्यात गावे, शेते, राखीव वन असे सगळे येते. नुसत्या बफरमध्ये पाय ठेवल्याने कलम २७ चा भंग होत नाही, तो उद्यानाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीत शिरल्यावर होतो. हद्दीबाहेरच्या राखीव वनात शिरला असाल तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ लागू शकते, पण ते वेगळे प्रकरण आहे आणि बरेच हलके. म्हणून पंचनाम्यात परिक्षेत्र, परिमंडळ, नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाचे पाडलेले लहान-मोठे भाग) आणि जीपीएस नोंद काय लिहिली आहे ते पाहायलाच हवे. तुमच्या आणि मेहुण्याच्या फोनमधल्या त्या दिवशीच्या फोटोंमध्ये लोकेशन साठवलेले असेल, तर ते फोटो मूळ स्वरूपात जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखे पाठवलेल्या फोटोत लोकेशनची माहिती राहत नाही, ही चूक फार जण करतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

म्हणून पहिले काम, लेखी अर्ज. पंचनामा, जप्तीनामा आणि तुमच्या जबाबाच्या प्रती मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जबाब महत्त्वाचा आहे, कारण वनाधिकारी हे पोलीस अधिकारी मानले जात नाहीत. पोलिसांपुढच्या कबुलीला पुराव्यात जी बंदी असते, ती इथे आपोआप लागू होत नाही. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने वन्यजीव कायद्याच्या कलम ५०(८) खाली, आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा तर पुढे खटल्यात ग्राह्य धरला जातो. तुम्ही न वाचता सही केली असेल आणि त्यात 'बंदी माहीत असूनही प्रवेश केला' असे वाक्य असेल, तर ते आजच कळायला हवे.

प्रती हातात आल्या की चौघांनी स्वतंत्र निवेदन लिहा. जबाबदारी व्यक्तिशः आहे, कुटुंबप्रमुखाने सगळ्यांच्या वतीने एक अर्ज देऊन भागत नाही. मुलगी सज्ञान आहे, तिच्या निवेदनावर तिचीच सही हवी. निवेदनात विशेषणे नकोत, रडगाणे नको, घडले ते वेळेच्या क्रमाने लिहा : कोणत्या तारखेला किती पैसे कोणाला भरले, जाहिरातीत परवान्याबद्दल काय शब्द होते, गेटवर किती वाजता पोचलो, गाडीतून कोण उतरले, गाइड परत येऊन काय म्हणाला, वाटेवर फलक, कुंपण किंवा दगडी खूण दिसली का, अडवल्यावर आपण काय सांगितले. सोबत जाहिरात, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक आणि ग्रुपमधले मेसेज जोडा.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. 'आम्हाला काहीच कल्पना नव्हती' असे लिहू नका. तुम्ही गेट पाहिले होते. तिथून परवाना घेऊन आत जायचे असते हेही जाहिरातीमुळे तुम्हाला ठाऊक होते. वस्तुस्थितीबाबत गैरसमज झाल्याचा बचाव भारतीय न्याय संहितेच्या कलम १७ मध्ये आहे, पण तो सद्भावनेने आणि पुरेशी काळजी घेऊन वागणाऱ्याला मिळतो. गेटपासून वळून दुसऱ्या वाटेने जाताना कोणी एकाने तरी 'परवान्याचे काय?' असे विचारले असेल, तर तो प्रश्न आणि गाइडचे उत्तर हीच तुमची काळजी. ते आठवून नेमक्या शब्दांत लिहा. विचारले नसेल तर 'विचारले' असे लिहू नका. ग्रुपमधल्या बाकीच्यांचेही जबाब आहेत.

त्याच निवेदनात टूरवाल्याचे आणि गाइडचे नाव, फोन, पत्ता द्या आणि त्यांच्यावर वन्यजीव कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करावी, अशी विनंती करा. या कायद्यात उल्लंघनाला चिथावणी देणारा किंवा मदत करणारा हा स्वतः उल्लंघन करणाराच मानला जातो. व्यवसाय कंपनीच्या नावावर असेल तर कलम ५८ प्रमाणे तिचा कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरता येते. सूड म्हणून हे करायचे नाही. वाट कोणी दाखवली आणि पैसे कोणी घेतले हे नोंदीवर आले, तर तुमचा वाटा किती छोटा होता हे अधिकाऱ्याला कागदावरच दिसेल.

ठिकाण खरोखर उद्यानाच्या हद्दीत निघाले, तर माझा सल्ला खटला लढण्याचा नाही. कलम ५४ खाली तडजोड, म्हणजे खटल्याऐवजी ठरवलेली रक्कम भरून प्रकरण मिटवणे, मागा. शस्त्र नाही, शिकार नाही, आग नाही, पहिलीच वेळ. असे प्रकरण तडजोडीने मिटू शकते. मात्र किमान कैद ठरलेल्या गुन्ह्यात तडजोड होत नाही, म्हणून तुमच्यावर गाभा क्षेत्रातला गुन्हा लावला आहे का ते आधी पाहा; तसे असेल तर वकिलाचा सल्ला घ्या. तडजोड मंजूर करण्याचा अधिकार उपवनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या, शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच असतो. म्हणून अर्ज त्यांच्या नावे करा, लेखी आदेश मिळाल्याशिवाय पैसे भरू नका आणि भरल्यावर सरकारी पावती घ्या. २०२२ च्या दुरुस्तीने तडजोडीच्या रकमेची कमाल मर्यादा २५,००० वरून पाच लाख झाली आहे, त्यामुळे 'किरकोळ दंड असेल' असे गृहीत धरू नका. रक्कम कमी ठेवावी म्हणून वर सांगितलेली कारणे अर्जातच मांडा. रक्कम भरल्यावर त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई होत नाही.

मुलीच्या पासपोर्टची काळजी यातच मिटते. अर्जात प्रश्न असतो तो फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित आहे का, याचा. वन्यजीव कायद्याखाली न्यायालय दखल घेते ती कलम ५५ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून. अशी तक्रार दाखल होऊन दखल घेतली जाईपर्यंत नुसत्या नोटिशीला प्रलंबित खटला म्हणता येत नाही. तडजोड म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तरीही आधी तडजोडीचा आदेश हातात घ्यावा आणि मग अर्ज करावा, कारण पोलीस पडताळणीत काही विचारले गेले तर कागद दाखवता येतो.

कॅमेऱ्याबद्दल : तडजोड झाली म्हणून जप्त वस्तू आपोआप सरकारजमा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तडजोडीच्या अर्जातच कॅमेरा परत मिळण्याची विनंती करा, बिल आणि सीरियल नंबर जोडा. प्रकरण लांबलेच तर दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली तात्पुरता ताबा मागता येतो. मेमरी कार्डातले काहीही तोवर कोणाकडून 'रिकव्हर' वगैरे करून घेऊ नका.

आता टूरवाला. त्या फॉर्मवरच्या सहीला घाबरू नका. परवाना काढून देतो म्हणून पैसे घ्यायचे, परवाना काढायचा नाही, आणि बेकायदा वाटेने नेल्यावर जबाबदारी पाहुण्यांवर ढकलायची, अशा कलमाला भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ पुढे टिकणे कठीण आहे. पायवाट घसरडी असेल किंवा कोणाचा पाय मुरगळेल, अशा जोखमीसाठी सही घेणे समजू शकते. टूरवाल्यानेच घडवून आणलेल्या कायदाभंगासाठी नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ही सेवेतील त्रुटीही आहे आणि अनुचित व्यापारी प्रथाही. त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि मुदत ठरली नसेल तर ३० दिवसांत, परत न करणे कलम २(४७) मध्ये स्पष्टपणे अनुचित प्रथा म्हटले आहे. बिल न देणेही त्याच कलमात येते, म्हणून त्याने पावती दिली होती का तेही नोंदवा. तक्रारीत एक खबरदारी घ्या. 'हा करारच अनुचित ठरवा' अशी मागणी केलीत, तर तो विषय राज्य ग्राहक आयोगाच्या अधिकारात जातो आणि साध्या प्रकरणाला विनाकारण वळसा पडतो. तक्रार त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच ठेवा. फॉर्ममधल्या कलमाला उत्तर देताना कलम २३ चा आधार घ्या.

आधी स्पीड पोस्टने आणि ई-मेलने १५ दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण बरेचसे टूरवाले इथेच नरमतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून ठेवा. उत्तर आले नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ई-जागृती पोर्टलवरूनही, तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षे. पैसे तुम्ही भरले असले तरी बाकी तिघे तुमच्या संमतीने सेवेचे लाभार्थी असल्यामुळे तेही ग्राहकच ठरतात, चौघांची एकत्र तक्रार करा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका, संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडा.

मागणी ९,६०० रुपये आणि त्यावर व्याज, परिक्षेत्र कार्यालयातल्या फेऱ्यांचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च अशी ठेवा. तडजोडीची रक्कमही नुकसान म्हणून मागा, पण ती मिळेलच असे धरून चालू नका. स्वतःच्या गुन्ह्याची रक्कम दुसऱ्याकडून वसूल करायला न्यायसंस्था सहसा नाखूश असते. तुमचे निवेदन जितके प्रामाणिक, तितकी ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त.

टूरवाला मधेच पैसे परत करायला तयार झाला तर घ्या. मात्र त्यासाठी 'आम्ही स्वतःच्या इच्छेने त्या वाटेने गेलो' किंवा 'वनविभागाकडे आमची काही तक्रार नाही' असे लिहून मागितले, तर सही करू नका. तो कागद तो दुसऱ्याच दिवशी वनविभागात तुमच्याविरुद्ध दाखल करू शकतो. रक्कम बँकेतून घ्या आणि पावतीत फक्त 'सहलीचे भरलेले ९,६०० रुपये परत मिळाले' एवढेच लिहून द्या.