आवाज साधा असताना गीतकाराने स्वतः गावे का? कॅरोल किंग यांच्या कारकिर्दीच्या आधारे उत्तर

आपण नागपुरात राहून स्वतः गाणी लिहिता, कीबोर्डवर त्यांना चाली लावता आणि स्नेहसंमेलनात ती आपल्या मैत्रिणी गातात. आपला आवाज साधा आणि कमी पल्ल्याचा असल्यामुळे स्वतः गावे की गाणी इतरांनाच देत राहावे, असा आपला प्रश्न आहे. मी याच शहरात बरीच वर्षे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. या प्रश्नाचा विचार करताना कॅरोल किंग या अमेरिकी गायिका-संगीतकार महिलेची कारकीर्द मला सर्वांत उपयोगी वाटते, म्हणून आधी ती सांगतो.

किंग यांचा जन्म १९४२ चा, बालपण ब्रुकलिनमधले. महाविद्यालयात भेटलेल्या गेरी गॉफिन यांच्याशी १९५९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि दोघेही न्यू यॉर्कमधील ऑल्डन म्युझिक या संगीत प्रकाशन संस्थेसाठी गाणी रचू लागले; शब्द गॉफिन यांचे आणि चाल किंग यांची. तेथे जेमतेम एक पियानो मावेल अशा खोल्यांत गीतकार-संगीतकारांच्या जोड्या शेजारीशेजारी बसत आणि सध्या कोणत्या गायकाला गाणे हवे आहे हे पाहून गाणी बांधत. त्यांचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ (उद्याही तू माझ्यावर प्रेम करशील का?) हे गाणे शिरेल्स या तरुणींच्या गटाने गायिले आणि १९६१ च्या प्रारंभी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. चाल बांधली तेव्हा किंग अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्यातील व्हायोलिन-चेलोची योजनाही त्यांचीच होती. पुढे लिटल इव्हा यांचे ‘द लोको-मोशन’ आणि अरिथा फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये अमर केलेले ‘नॅचरल वुमन’ ही गाणीही याच जोडीच्या हातून आली. १९६२ मध्ये बॉबी व्ही या गायकासाठी केलेले एक गाणे किंग यांच्याच आवाजात प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, परंतु त्यातून गायिका म्हणून त्यांचा जम बसला नाही.

१९६८ च्या सुमारास हा विवाह संपला आणि किंग आपल्या मुलींसह कॅलिफोर्नियाला गेल्या. तेथे त्यांनी ‘द सिटी’ नावाचा छोटा वाद्यवृंद केला, पण रंगमंचाची भीती इतकी की त्याचे दौरे झाले नाहीत. १९७० मधील पहिल्या एकल अल्बमकडेही फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्यांनी स्वतः गावे असा आग्रह गायक-गीतकार जेम्स टेलर यांनी धरला आणि आपल्या कार्यक्रमातही त्यांना गायला लावले. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांचा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम आला. तो सलग पंधरा आठवडे अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी राहिला, पुढच्या वर्षी त्यांना चार ग्रॅमी संगीत पुरस्कार मिळाले आणि ‘वर्षातील सर्वोत्तम गीत’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, या अल्बममध्ये त्यांनी शिरेल्स आणि अरिथा यांची ती दोन्ही गाणी पुन्हा गायिली आहेत. अरिथा यांच्या गळ्याशी स्पर्धा करण्याचा विचारही कुणी करू नये, आणि किंग यांनी तो केलेला नाही. त्यांनी ते गाणे जवळजवळ एकट्या पियानोवर असे म्हटले आहे की, चाल नुकतीच सुचत असताना आपण त्या खोलीत बसून ऐकतो आहोत, असे वाटते. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ची लय त्यांनी बरीच संथ केली. त्यामुळे शिरेल्सच्या आवाजात एका कोवळ्या मुलीचा वाटणारा तोच प्रश्न, संसार मोडून झालेल्या स्त्रीच्या तोंडून आल्यावर, अधिक गंभीर होतो. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे आपण लागोपाठ ऐकावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आवाज साधा असूनही गाणे उभे राहते, कारण चाल भक्कम आहे. आणि ती भक्कम आहे याचे कारण जवळपास दहा वर्षे निरनिराळ्या गळ्यांसाठी केलेले काम.

आपल्याकडेही याचा दाखला आहे. सुरेश भट यांच्या रचना लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनी गायिल्या, तरीही मैफलीत ते आपल्या गझला स्वतः तरन्नुममध्ये, म्हणजे सुरात म्हणून, सादर करीत आणि श्रोते त्यासाठी जमत.

म्हणून माझे मत असे की, आपण दोन्ही कामे चालू ठेवावीत. मात्र स्वतः गायचे गाणे आपल्याच पट्टीत बांधावे. आमच्या ऑर्केस्ट्रात गायक बदलला की पट्टी बदलावी लागते, आणि पट्टी चुकली की चांगला गळाही अंतऱ्यात ताणला जातो, हे मी सतत पाहतो. आपला पल्ला आठ-नऊ स्वरांचा असेल, तर मुखडा आणि अंतरा त्यातच फिरवावा. पहिला कार्यक्रम सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागी करू नये. एखाद्या घरगुती बैठकीत, निम्म्या वाद्यांवर आणि मोजक्या श्रोत्यांसमोर हा आवाज अधिक खुलेल.

जी गाणी मोठा गळा मागतात, ती मैत्रिणींना निःसंकोच द्यावीत, पण करार लेखी करावा आणि हक्क किती वर्षांसाठी दिले ते त्यात नमूद करावे. आपल्या कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा करारानेही कायमचा काढून घेता येत नाही, आणि तो गोळा करण्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद होता येते. दोन्ही कामांना मान मिळतो, हे किंग यांच्याबाबतीतही दिसते: रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या अमेरिकी संगीत-सन्मान संस्थेने त्यांना १९९० मध्ये गॉफिन यांच्यासह गीतरचनेसाठी प्रवेश दिला आणि गायिका म्हणून २०२१ मध्ये.