कोकणात समुद्राजवळच्या कातळावर छोटं पर्यावरणपूरक लाकडी कॉटेज बांधायचं आहे. समुद्राकडे पूर्ण काच हवी. डिझाइन कसं करावं? पाइन चालेल का?

पाइन हिमाचलात चालेल. इथल्या वाळवीपुढे आणि पावसापुढे प्रक्रिया न केलेला पाइन टिकत नाही. ऐन, किंजळ अशी इथली लाकडं घ्या, नाहीतर पाडलेल्या जुन्या घरांचे सागवानी वासे-खांब विकत घ्या. नवं झाड तोडावं लागत नाही, आणखी काय पर्यावरणपूरक हवं?

'पूर्ण काच' वाचलं आणि आमचे मेहुणे आठवले. श्रीवर्धनजवळ आमचं दोन खोल्यांचं लाकडी घर व्हायचं होतं, तेव्हा ते पुण्याहून नकाशा घेऊन आले. पश्चिमेला जोत्यापासून आढ्यापर्यंत काच. पडवी नाही, कारण ती म्हणे वाया गेलेली जागा! आमच्या सुतारानं कागद फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, पाऊस कुठून येतो ते यात कुठंय?" मेहुणे जे चिडले ते चिडलेच. पण पडवी झाली. छप्पर चौपाखी, कौलारू. पडवीचे वासे सुतारानं मुख्य छपराला जोडले नाहीत, वेगळ्या तुळईवर खाली बसवले. वारा पडवीत शिरून तिला खालून उचलतो. ती मुख्य छपरात गुंतलेली असेल, तर जाताना तेही सोबत नेते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पडवी उचकटून वाडीत जाऊन पडली, पन्हळीसकट. मुख्य छपराची कडेची कौलं गेली, पण एक वासा हलला नाही. प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं तुळईला बांधलेला होता. मेहुणे अजून प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात, "उडालीच ना पडवी?" अहो, उडायलाच ठेवली होती ती!

काच हवीच असेल तर पडवीच्या आत, लहान, बाहेरून लाकडी झडपा. ज्यानं कोकणात एक जुलै काढलेला नाही, त्याला पश्चिमेची भिंत आखू देऊ नका, तो घरचा असला तरी.

बाकी जोतं जांभ्याचं करा, खांब चिऱ्यावर थेट टेकवू नका, मधे धातूचा बूट, म्हणजे खांबाची धातूची बैठक, घाला. स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे, साधे खाऱ्या हवेत गंजतात.

हे आधी सांगायला हवं होतं: सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे सरकारी नियम, बघा. विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं घर सहसा बांधता येत नाही. रत्नागिरीकडचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, असेल तर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत का तेही पाहा, मगच विसार द्या.