शेळ्या सारख्या खांबाला अंग घासतात, केसही जातायत. माइट्स (खरजेचे बारीक किडे) असतील का?

बहुतेक हो. आणि घरात कोणी "थंडीनं कातडी फुटली असेल" म्हणत असेल, तर त्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

आमचे भाऊजी हेच म्हणायचे. त्यांनी विकत आणलेला बोकड दिसायला देखणा, पण कानाच्या कडांवर करड्या, कोरड्या खपल्या. कड जरा चोळली की गडी मागचा पाय झाडायला लागायचा. म्हटलं, याला वेगळा बांधा. "तू काय डॉक्टर आहेस?" म्हणत त्यांनी तो मुद्दाम मधल्या दावणीला बांधला. पुढे निम्म्या शेळ्यांची तोंडं, डोळ्यांभोवतीची कातडी आणि कोपरं उघडी पडली. एका म्हातारीच्या मानेला तर हत्तीच्या कातडीसारख्या घड्या पडल्या. खाजवण्यापुढे खाणं सुचेना, दूध आटलं. तरी भाऊजींचं पालुपद थंडीचंच. वर जळकं ऑइल चोपडायला निघाले! जनावर ते चाटतं, त्यात शिसं असू शकतं. त्यापेक्षा खरूज परवडली.

शेवटी त्यांच्याच मनगटांना खाज सुटली, तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी खपलीच्या कडेची कातडी रक्त डोकावेपर्यंत खरवडून नेली. सूक्ष्मदर्शकाखाली आठ पायांचे गोलमटोल किडे. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "थंडीतच वाढतात म्हणे." वाढतात ना. पण आले ते बोकडावरून.

हे किडे मारणाऱ्या आयव्हरमेक्टिन या औषधाचं इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही. अंडी त्यातून वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं, तेही धडधाकट दिसणाऱ्यांसकट सगळ्यांना. "खाजवतात त्यांनाच देऊ" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुभत्या असतील तर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे आधी विचारा.

हां, एक राहिलं. उवांनीही खाज सुटते, पण केस बाजूला केले की उवा दिसतात. हे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. गोल चट्टा आणि फारशी खाज नाही, तर बहुधा गजकर्ण. खाज नसताना कातडीत गाठी आल्या तर तो डेमोडेक्स असू शकतो, तोही माइटच, पण कळपभर असा पसरत नाही. गायी-म्हशी असत्या तर शेपटीचं मूळ आणि कास आधी बघा म्हटलं असतं.

आणि नवीन जनावर निदान तीन-चार आठवडे वेगळं बांधा, मग ते घरातल्या कोणीही आणलेलं असो.